मजुरांची पॉलिसी आधी, स्लॅबची नंतर: पहिलं कंत्राट घेणाऱ्यांसाठी विम्याचं मार्गदर्शन

वर्क ऑर्डर हातात आली की नवा ठेकेदार पहिल्या आठवड्यात काय करतो, ते मला पाठ आहे. सळईचे भाव काढतो, सेंट्रिंगवाल्याला ॲडव्हान्स देतो, खडी आणि क्रश सँडच्या गाड्या ठरवतो, नारळ फोडतो. विम्याची आठवण येते ती पहिलं रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामापुरतं बिल, अडकल्यावर. कारकून म्हणतो, पॉलिसीची झेरॉक्स लावा. मग ओळखीच्या एजंटाला फोन होतो, स्वस्तात मिळेल ती पॉलिसी येते, फाइलला टाचली जाते आणि बिल निघतं. त्या कागदात काय लिहिलंय, हे अपघात होईपर्यंत कोणी वाचत नाही.

मी एकोणीस वर्षं सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांत छोटी-मध्यम कामं घेतो. शाळेच्या खोल्या, साकव, संरक्षक भिंती, चार-पाच मजल्यांच्या इमारती. विम्याच्या बाबतीत मी दोनदा चांगलाच पोळलो. दोन्ही वेळा पॉलिसी होती, हप्ता भरलेला होता, आणि तरीही पैसे मिळाले नाहीत, कारण पॉलिसीत मी जे लिहून दिलं होतं ते साइटवरच्या परिस्थितीशी जुळत नव्हतं. नव्या मुलांना हेच सांगावंसं वाटतं: विमा कंपनी तुमची साइट बघून पैसे देत नाही, तुम्ही लिहून दिलेला कागद बघून देते. तो कागद खरा कसा ठेवायचा, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: एजंटाला फोन करण्याआधी कंत्राट वाचा

करारनाम्यात विम्याचं एक कलम असतंच. ते शोधा आणि एका वहीत चार गोष्टी उतरवून घ्या. विमा कोणी काढायचा आणि कोणाच्या नावाने? बहुतेक ठिकाणी ठेकेदार आणि मालक अशा दोघांच्या संयुक्त नावाने मागतात. कामाची पूर्ण किंमत किती? मालक स्वतःहून कोणतं साहित्य पुरवणार आहे? आणि काम संपल्यावर दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे निघालेले दोष तुम्हीच दुरुस्त करायचा काळ, किती महिन्यांचा?

त्याच कलमाच्या आसपास 'कोणत्याही दाव्यापासून मालकाला मुक्त ठेवण्याची जबाबदारी ठेकेदाराची राहील' असं वाक्य असतं. त्याचा अर्थ असा, की उद्या शेजाऱ्याची भिंत पडली तर नोटीस मालकाला आली तरी खिसा तुमचा. खाजगी बिल्डरचं काम असेल तर आणखी एक गोष्ट बघा. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते, आणि करारात तो ती बहुधा तुमच्या अंगावर टाकतो. बांधकामाच्या नेहमीच्या पॉलिसीत ही ५ वर्षं येत नाहीत. म्हणून ते वाक्य सही करण्याआधीच बदलून घ्यायला हवं. विम्याने ते सुटत नाही.

दुसरी पायरी: मजुरांची पॉलिसी

साइटवर सगळे हिला 'डब्ल्यूसी' किंवा 'लेबर पॉलिसी' म्हणतात. मूळ कायदा १९२३ चा, कामगार नुकसानभरपाईचा. आता तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेलाय आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. सूत्राचा सांगाडा मात्र तोच आहे: कामावर मृत्यू झाला तर महिन्याच्या वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक.

हे आकड्यात बघितल्याशिवाय अंगावर येत नाही. हिशेबासाठी धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने महिना १५,००० रुपये झाली. रोज ७०० रुपये घेणारा मिस्त्री महिन्याला १८,००० च्या वर कमावतो, तरी हिशेब १५,००० वरच होतो. वय ३० असेल तर गुणांक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, बरोबर १५,५९,८५० रुपये. वय ४० असेल तर १३,८१,२७५. अपघातानंतर महिनाभरात ही रक्कम दिली नाही तर वर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण टाळाटाळ केली असं ठरलं तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. दंडाची रक्कम विमा कंपनी भरत नाही, ती तुम्हीच भरायची. व्याजाचंही बऱ्याच पॉलिसींत तसंच असतं.

पहिल्या कामावर तुमचा एकूण नफा किती असणार? मृत्यू झाला तर त्या घरचा कर्ता गेलेला असतो, आणि तुमचंही दुकान बंद होतं. म्हणून ही पॉलिसी आधी, बाकी सगळं नंतर.

आता मी कुठे चुकलो ते सांगतो. माझ्या दुसऱ्याच कामावर बाहेरच्या गिलाव्याला एक तुकडी लावली होती. मुकादम त्याची माणसं घेऊन आला, रेट चौरस फुटावर. माझ्या पॉलिसीत १२ मजूर लिहिलेले होते, त्या दिवशी साइटवर १९ होते. दुसऱ्या मजल्याच्या परांचीची बल्ली सरकली आणि एक गवंडी खाली वाळूच्या ढिगाच्या कडेला पडला. जीव वाचला, पण मणक्याला मार लागला आणि सहा महिने तो उठला नाही. विमा कंपनीचं पत्र आलं, त्यातली ओळ मला अजून आठवते: जखमी व्यक्ती विमाधारकाच्या थेट नोकरीत नाही. आणि ते खरंच होतं. तो मुकादमाचा माणूस होता. कायद्याने मात्र मूळ काम माझं, म्हणून त्याची भरपाई आधी माझ्यावर येते, मग मी मुकादमाकडून वसूल करायची. मुकादमाकडून काय वसूल होणार? हॉस्पिटलचं बिल आणि त्याच्या घरच्यांचा सहा महिन्यांचा खर्च मी पदरचा भरला.

त्यामुळे प्रस्ताव अर्ज भरताना या गोष्टी लिहिलेल्या दिसल्याच पाहिजेत. उपठेकेदारांच्या आणि तुकड्यांच्या मजुरांचा समावेश, वेगळ्या एंडोर्समेंटने, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या जादा कलमाने. तो आपोआप नसतो, मागून घ्यावा लागतो आणि त्याचा जादा हप्ता असतो. त्यानंतर कामाचं खरं स्वरूप: किती मजले, किती खोल खोदाई, उंचीवरचं काम आहे का. नुसतं 'बांधकाम' लिहिलं आणि माणूस सहाव्या मजल्यावरून पडला, तर वाद ओढवून घेतला. मग पूर्ण कालावधीचा अंदाजे एकूण पगार. हप्ता याच आकड्यावर ठरतो, म्हणून तो कमी दाखवण्याचा मोह होतो. तो मोह आवरा. पॉलिसी संपल्यावर प्रत्यक्ष पगार दाखवून फरक भरता येतो, पण अपघाताच्या दिवशी मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, २५ माणसं आणि पॉलिसीत १० माणसांचा पगार असेल, तर दावा तिथेच लंगडा पडतो. वैद्यकीय खर्चाची वेगळी मर्यादाही विचारून घ्या. कायद्याने उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मजूर कामावर ठेवणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर आहे, मूळ पॉलिसीत तो कधी अगदी थोडा असतो, कधी नसतोच. नव्या संहितेने घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध जुळत असेल तर, कामावरचा मानलाय. तुमच्या पॉलिसीचा मसुदा संहितेप्रमाणे आहे की जुन्या कायद्याचा, हा प्रश्न एजंटाला विचाराच.

एक गैरसमज इथेच काढतो. 'हेल्मेट घातलं नव्हतं', 'प्यायला होता' म्हणून भरपाई द्यावी लागणार नाही, असं साइटवर सर्रास बोलतात. किरकोळ दुखापतीला हा बचाव चालतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर चालत नाही.

दुसरा गैरसमज याहून मोठा. बांधकाम खर्चाचा १ टक्का कामगार कल्याण उपकर बिलातून कापला, म्हणजे मजुरांचा विमा झाला, असं अनेकांना वाटतं. तो पैसा महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. मंडळाचे लाभ फक्त नोंदणी झालेल्या कामगारालाच मिळतात, आणि नोंदणीसाठी मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला ठेकेदार म्हणून तुम्ही देऊ शकता. द्या, माझी कळकळीची विनंती आहे. पाच मिनिटांचं काम असतं आणि त्या माणसाच्या मुलांची शिष्यवृत्ती त्यावर अवलंबून असते. पण त्याने तुमची कायदेशीर भरपाई फिटत नाही. तीच गोष्ट प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची. वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वयापर्यंत, अपघाती मृत्यूला २ लाख. प्रत्येक मजुराच्या बँक खात्यातून ती सुरू करून द्या. ते त्याच्या घराला आहे, तुमच्या जबाबदारीला नाही. तुमच्या साइटवर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल तर गणित बदलतं: महिना २१,००० पर्यंत वेतन असलेला जो मजूर ईएसआयखाली येतो, त्याला वर सांगितलेली कामगार नुकसानभरपाई मागता येत नाही. तुम्हाला काय लागू आहे ते आधी सल्लागाराकडून लेखी घ्या, नाहीतर एकाच माणसाचे दोन हप्ते भरत बसाल किंवा एकही नाही.

तिसरी पायरी: कामाची पॉलिसी, म्हणजे सीएआर

कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क. नावात 'ऑल' आहे, म्हणून सगळंच आलं असं समजू नका. हिचे दोन भाग असतात. पहिल्यात तुमचं चालू बांधकाम आणि साइटवरचं साहित्य: आग, पूर, वादळ, चोरी, भिंत कोसळणं. दुसऱ्यात तिऱ्हाइताचं नुकसान: रस्त्याने जाणारा माणूस, शेजारचं घर. तुमचे स्वतःचे मजूर या दुसऱ्या भागात येत नाहीत. त्यासाठीच वरची पॉलिसी.

सगळ्यात जास्त चुका विमा रकमेत होतात. ही रक्कम काम पूर्ण झाल्यावरच्या किमतीएवढी हवी, आणि त्यात मालकाने दिलेलं साहित्यही धरायचं. समजा निविदा ८० लाखांची आहे आणि स्टील-सिमेंट मालक देणार आहे, त्याचे २० लाख. खरी किंमत १ कोटी. तुम्ही ८० लाखांचीच पॉलिसी घेतली आणि ५ लाखांचं नुकसान झालं, तर कंपनी म्हणते तुम्ही ८० टक्केच विमा काढलाय, म्हणून ४ लाख. त्यातून तुमच्या वाट्याची वजावट, जिला सगळे 'एक्सेस' म्हणतात, समजा ५० हजार. हातात साडेतीन लाख. काम वाढलं, जादा बाबी मंजूर झाल्या, भाववाढ मिळाली, की त्याच आठवड्यात विमा रक्कम वाढवून घ्यायची. भाववाढीचं एंडोर्समेंट सुरुवातीलाच घेऊन ठेवलं तर हा ताप कमी होतो.

एक्सेसचा आकडा हप्त्याच्या आकड्याइतक्याच लक्षाने वाचा. साध्या नुकसानाला एक आणि पूर, वादळ, भूकंप अशा नैसर्गिक आपत्तीला दुसरा, बराच मोठा असतो. हप्ता स्वस्त दिसतो तो पुष्कळदा एक्सेस फुगवल्यामुळे. कोकणात किंवा कृष्णा-पंचगंगेच्या काठी काम असेल तर नैसर्गिक आपत्तीचा एक्सेस हीच तुमची खरी पॉलिसी.

काय मिळत नाही? खराब डिझाइनमुळे झालेलं नुकसान, वेगळं कवच घेतलं नसेल तर. निकृष्ट काम किंवा निकृष्ट माल पुन्हा करण्याचा खर्च. काँक्रीट कच्चं निघालं म्हणून कॉलम तोडून नव्याने घातला, तर त्या कॉलमचे पैसे नाहीत. तो कॉलम पडून शेजारची चांगली भिंत पडली, तर भिंतीचे मिळू शकतात. काम उशिरा झाल्याचा दंड नाही. स्टॉक मोजताना सळई कमी भरली, तर तेही नाही. चोरी झाल्याचं दिसलं पाहिजे, पोलिसांत तक्रार पाहिजे. काम बंद पडून साइट सोडून दिली तर कवच तुटतं. निधी न आल्यामुळे कामं थांबतात, हे आपल्याकडे नेहमीचं. थांबवताना कंपनीला पत्र द्या आणि मंजुरी घ्या.

साइटचा पत्ता हा रकाना कोणी गंभीरपणे घेत नाही. मीही घेतला नव्हता. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणजवळ माझं शाळेच्या खोल्यांचं काम चालू होतं. साइटवर जागा नव्हती म्हणून ३८० पोती सिमेंट बाजारपेठेकडच्या भाड्याच्या गाळ्यात ठेवलं होतं. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. चार दिवसांनी गाळा उघडला तेव्हा चिखलाची रेघ छताच्या हातभर खाली होती. विमा कंपनीचा नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला, त्याने एका पोत्यावर बोटाने टिचकी मारली, दगडावर मारावी तसा आवाज आला. मग त्याने पॉलिसी उघडली आणि मला विचारलं, हा गाळा यात कुठे आहे? पॉलिसीत फक्त शाळेचा गट नंबर होता. साइटबाहेरच्या साठ्याचं एंडोर्समेंट मागितलं असतं तर थोड्याशा जादा हप्त्यात ते झालं असतं. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

मजुरांच्या झोपड्या आणि गोदाम कुठे असावं, याचीही अट पॉलिसीत असते: पुराच्या रेषेच्या वर, एकमेकांपासून अंतर ठेवून, आगीची काळजी घेऊन. ती वाचताना मला २९ जून २०१९ ची कोंढव्याची रात्र आठवते. पावसात सोसायटीची सीमाभिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले, त्यात लहान मुलं होती. भिंतीच्या पायथ्याशी आणि खोदाईच्या काठावर लेबर कॅम्प घालायचा नाही. विमा असो वा नसो. जागा नसेल तर गावात खोल्या भाड्याने घ्या आणि तो खर्च निविदेच्या दरात धरा.

मुदतीबद्दल. पॉलिसी वर्क ऑर्डरच्या मुदतीएवढी असते आणि कामं त्या मुदतीत क्वचितच संपतात. विभागाकडून मुदतवाढीचं पत्र मिळतं, ते फाइलला लागतं, आणि पॉलिसी मात्र गुपचूप संपलेली असते. संपायच्या आधी वाढवली तर सरळ होतं. एक दिवस जरी उलटला तरी कंपनी पुन्हा पाहणी मागते किंवा नाही म्हणते. पॉलिसी संपण्याची तारीख मी साइट ऑफिसच्या भिंतीवर, स्लॅबच्या वेळापत्रकाशेजारी, लाल खडूने लिहून ठेवतो. दोषदायित्वाच्या काळाचं कवच वेगळं मागावं लागतं. आणि इमारतीचा काही भाग ताब्यात दिला, की त्या भागापुरतं बांधकामाचं कवच संपतं, हेही ध्यानात ठेवा.

हप्ता भरल्याशिवाय पॉलिसी सुरू होत नाही. विमा कायदा, १९३८ चं कलम ६४ व्हीबी तसंच सांगतं. चेक दिला आणि तो वटला नाही, तर हातातला कागद कितीही रंगीत असो, कवच नाही. मी हप्ता आरटीजीएसने भरतो आणि पावती आल्यावरच खोदाईला पोकलेन लावतो. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही दरात धरायला विसरू नका.

चौथी पायरी: शेजारी आणि जमिनीखालच्या लाइनी

पुण्या-मुंबईत जुनी इमारत पाडून नवी बांधायचं काम मिळालं असेल, तर हा भाग सावकाश वाचा. खोदाईमुळे किंवा हादऱ्यांमुळे शेजारच्या इमारतीला तडे गेले, तिचा आधार सुटला, तर सीएआरच्या मूळ मसुद्यात ते येत नाही. कंपन आणि आधार कमकुवत होण्याचं एंडोर्समेंट वेगळं घ्यावं लागतं, आणि त्यातही शेजारची इमारत काम सुरू होण्याआधी सुस्थितीत होती हे तुम्हाला दाखवावं लागतं. म्हणून खोदाईच्या आधी शेजाऱ्यांच्या घरी जा, चहा घ्या, आणि त्यांच्या समोर त्यांच्याच भिंतींचे फोटो काढा. जुन्या तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण आणि तारीख. एक साधं पत्रक करून त्यावर दोघांच्या सह्या. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एका काकूंनी विचारलं, आमच्यावर संशय आहे का? मी म्हटलं, काकू, उद्या तुमच्या घराला काही झालं तर तुम्हाला पैसे मिळावेत म्हणून करतोय. त्यांनी स्वयंपाकघरातले तडेसुद्धा दाखवले.

महावितरणची केबल, पाण्याची लाइन, गॅसची पाइप यांचंही तसंच. खोदाईआधी संबंधित कार्यालयाकडून लाइन कुठून जाते हे लेखी विचारलेलं असेल, तरच पॉलिसी साथ देते. अर्जाची पोच घेतलेली प्रत जपून ठेवा.

पाचवी पायरी: यंत्रं

मिक्सर, व्हायब्रेटर, हॉइस्ट, टॉवर क्रेन यांच्यासाठी कॉन्ट्रॅक्टर्स प्लांट अँड मशिनरी ही पॉलिसी. रस्त्यावर चालणाऱ्या जेसीबीला आणि ट्रान्झिट मिक्सरला मोटर पॉलिसी लागतेच, तिऱ्हाइताचा भाग कायद्यानेच सक्तीचा आहे. पण एक खाच आहे. जेसीबी, पोकलेन किंवा हायड्रा काम करताना उलटली, तर मोटर पॉलिसीत ते नुकसान मिळत नाही, जोपर्यंत 'आयएमटी ४७' हे कलम जादा हप्ता भरून घेतलेलं नसेल. आणि यंत्रं उलटतात ती रस्त्यावर नव्हे, काम करतानाच. यंत्र भाड्याचं असेल तर मालकाकडून पॉलिसी, फिटनेस आणि ड्रायव्हरचं लायसन्स यांच्या प्रती पहिल्याच दिवशी घ्या.

सहावी पायरी: सरकारी काम असेल तर

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांमध्ये एक अट असते: सीएआर वगैरे पॉलिसी महाराष्ट्र शासनाच्या विमा संचालनालयाकडूनच घ्यायची. त्यांचं कार्यालय मुंबईत, वांद्रे पूर्वेला आहे. दुसऱ्या कंपनीची पॉलिसी आणली तर ती मान्य होत नाही आणि शासकीय विमा निधीच्या दराने हप्ता तुमच्या बिलातून कापतात. नव्या ठेकेदाराचे दोन-दोन हप्ते जातात ते इथे. निविदा भरायच्या आधीच संचालनालयाकडून हप्त्याचा अंदाज मागवा. आणि बिलातून हप्ता कापला गेला, म्हणून साइटवर कवच आहे असं धरू नका. पॉलिसीचा कागद हातात येऊन त्यावरचं कामाचं नाव, रक्कम आणि तारखा जुळल्या, तरच आहे. मजुरांची पॉलिसी त्यात आहे का वेगळी, हे त्याच वेळी विचारून घ्या.

बँक गॅरंटीऐवजी विमा कंपनीचा शुअरिटी बॉण्ड २०२२ पासून मिळू लागलाय. त्याला विमा समजू नका. तुम्ही काम बुडवलंत तर कंपनी मालकाला पैसे देते आणि मग ते तुमच्याकडूनच वसूल करते.

पॉलिसी कोणाकडून घ्यायची, असं पोरं विचारतात. एजंट कंपनीचा असतो, ब्रोकर कायद्याने ग्राहकाच्या बाजूचा. अभियांत्रिकी विमा रोज करणारा ब्रोकर शोधा, मग तो जिल्ह्याच्या गावात असो की पुण्यात. मोटर आणि मेडिक्लेम विकणारा ओळखीचा माणूस कितीही भला असला, तरी वरचे शब्द त्याच्या तोंडी येत नसतील तर नमस्कार करून पुढे जा.

अपघात झाला तर

पहिला तास माणसाचा. जवळचं हॉस्पिटल, ॲम्ब्युलन्स, सोबत साइटवरचा शहाणा माणूस आणि रोख पैसे. उपचाराचे पैसे कोण देणार, यावर त्या तासात चर्चा नको.

मग त्याच दिवशी पोलिसांना कळवा आणि विमा कंपनीला ईमेल करा. फोनवर सांगितलेलं मोजत नाहीत. ईमेलमध्ये पॉलिसी नंबर, वेळ, जागा, काय घडलं ते चार ओळींत. कारणाचे अंदाज लिहू नका. 'बल्ली सडलेली असावी' असं घाईत लिहिलेलं वाक्य पुढे वर्षभर पाठ सोडत नाही. जे दिसलं तेवढंच लिहा, आणि ते खरं लिहा. मजुरांची हजेरी नंतर भरणं, तारखा मागे घालणं, हे कोणी सुचवलं तर ऐकू नका. सर्व्हेअरला मस्टरची शाई ताजी आहे की जुनी हे कळतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या खोट्या नोंदीमुळे जखमी माणसाचाच हक्क बुडतो.

जागा आहे तशी ठेवा. कोसळलेलं सेंट्रिंग उचलायची घाई करू नका, माणूस अडकलेला असेल तेवढ्यापुरतंच हलवा. चारही बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ. सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्ती थांबवता येत नसेल, तर कंपनीला कळवून, फोटो काढून मगच करा. ढिगारा हलवायचाच खर्च मोठा होतो. त्याचं वेगळं कवच घेतलं असेल तरच तो मिळतो.

मृत्यू झाला असेल तर एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. भरपाईची रक्कम कुटुंबाच्या हातात थेट देऊन कायद्यापुढे मोकळं होता येत नाही. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वी ज्यांना नुकसानभरपाई आयुक्त म्हणत त्यांच्याकडे, जमा करावी लागते आणि तिथून वारसांना मिळते. मध्यस्थ येतात, पाच लाखांत मिटवू म्हणतात, स्टँपपेपर करतात. त्या कागदाला किंमत नाही. पुढे दावा आला तर पूर्ण रक्कम पुन्हा भरावी लागते, आणि झारखंडच्या किंवा मराठवाड्याच्या गावात बसलेल्या त्या बाईला १५ लाखांऐवजी पाच लाख देऊन आपण परत पाठवलेलं असतं. तिला अंत्यविधीसाठी, प्रवासासाठी ताबडतोब पैसे द्या, ते माणुसकीचं काम आहे. पण भरपाई योग्य ठिकाणीच भरा, आणि तिला कोणत्या कार्यालयात जायचं ते कागदावर लिहून द्या.

निष्काळजीपणाने मृत्यू झाल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली त्याला ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिक्षेला आणि फौजदारी दंडाला कोणताही विमा नसतो. सेफ्टी बेल्ट, जाळी, परांचीची रोजची तपासणी, हेच तिथलं कवच.

दावा नाकारला, तर नाकारण्याचं कारण लेखी मागा. ते पत्र घेऊन आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा, मग विमा लोकपालाकडे. वैयक्तिक मालकीचा धंदा असेल किंवा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी असेल तर लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. माझ्या ओळखीच्या एका ठेकेदाराला मुदतवाढीच्या वादात तिथे न्याय मिळाला, कारण त्याच्याकडे कंपनीने पोच दिलेला एक ईमेल होता.

कागद सांभाळायची माझी पद्धत साधी आहे. रोज सकाळी नऊ वाजता मुकादम मस्टर भरतो, प्रत्येक मजुराची सही किंवा अंगठा घेतो, आणि त्या पानाचा फोटो साइटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. नवा माणूस आला की त्याच्या आधारचा फोटो, गावचा पत्ता आणि घरच्या एका माणसाचा नंबर त्याच दिवशी. पगार शक्य तिथे बँकेतून. पॉलिसीच्या दोन प्रती, एक घरी आणि एक साइट ऑफिसात प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. चिपळूणनंतर मी खालच्या कप्प्यात काहीच ठेवत नाही.